हृदयाचे इंधन आणि अदृश्य किरण

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाला निमित्त झाले आहे ते उज्जैनहून आलेले एक पत्र. पत्रलेखक तेथील नानाखेडा भागात राहतात. शिंद्यांच्या अमदानीत माळव्यात जाऊन स्थायिक झालेल्या अनेक मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. नानाखेड्याच्या बसस्थानकाजवळील गजबजाटातून वाट काढीत ते रोज सकाळी कामाला निघतात आणि दिवसभर एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात उभे असतात. या कामाला त्यांना आता वीस वर्षे होऊन गेली. त्यांच्या वडिलांचा अंत हृदयविकाराने झाला. आता त्यांच्या मुलीने याच शिक्षणक्रमाला जाण्याचा हट्ट धरला आहे आणि घरात मोठा प्रश्न उभा राहिला आहे. ते लिहितात, "किरणांनी कर्करोग होऊ शकतो, हे आम्हांला शिकविले होते, हृदयाविषयी कोणी काही सांगितले नव्हते. अलीकडे वाचनात आले की, थोडे थोडे किरण वर्षानुवर्षे अंगावर पडले, तर हृदयाचा चयापचय बदलतो. हे खरे काय? आणि खरे असेल, तर मुलीला काय सांगावे?"

प्रश्न एका गृहस्थांचा असला, तरी तो त्यांच्यापुरता नाही. गावोगावच्या क्ष-किरण खोल्यांतून काम करणारी माणसे, हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करणारे डॉक्टर व त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिका, तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांतील कर्मचारी, या सर्वांचा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर शोधू या.

प्रथम हृदयाचाच विचार करू. सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा हा स्नायू दिवसाकाठी जवळजवळ एक लाख वेळा आकुंचन पावतो. हाताचा स्नायू दमला की आपण ओझे खाली ठेवतो. हृदयाला ती सवलत नाही. शरीरातील पेशी ज्या रासायनिक चलनात शक्तीचा व्यवहार करतात, त्याला एटीपी असे म्हणतात. हृदय दिवसभरात हे द्रव्य स्वतःच्या वजनाच्या वीसपट, म्हणजे सहा किलोच्या आसपास तयार करते आणि तितकेच खर्चून टाकते. शिल्लक म्हणाल तर काही सेकंद पुरेल एवढीच. सारा संसार रोजच्या मिळकतीवर चाललेला.

ही मिळकत होते कोठून? हृदयाच्या पेशीत सूक्ष्म कणिका असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. पेशीचा सुमारे एकतृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. या कणिका म्हणजे पेशीच्या चुली. त्यांत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळून एटीपी बनते. हृदय नाना प्रकारचे इंधन जाळू शकते. साखर चालते, व्यायामाच्या वेळी स्नायूंतून येणारे दुग्धाम्लही चालते. पण प्रौढ माणसाच्या निरोगी हृदयाची मुख्य भिस्त स्निग्ध पदार्थांवर, म्हणजे मेदाम्लांवर असते. त्याच्या शक्तीचा साठ ते सत्तर टक्के भाग त्यांतून येतो. यात सोय उघडच आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून एक ग्रॅम साखरेच्या दुपटीहून अधिक शक्ती मिळते.

मात्र ही आवड जन्मजात नव्हे. आईच्या उदरात प्राणवायूची टंचाई असते, म्हणून गर्भाचे हृदय साखर व दुग्धाम्ल यांवर चालते. जन्मानंतर श्वास सुरू होतो, दूध पोटात जाते, आणि मग हृदय स्निग्ध इंधनाकडे वळते. हे वळण देण्याच्या कामात पेशीच्या केंद्रातील एका प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याचे शास्त्रीय नाव पीपीएआर-अल्फा असे लांबलचक आहे. आपण त्याला कोठीवरचा कारभारी म्हणू. मेदाम्ले आत घेणारी, ती चुलीपर्यंत नेणारी आणि जाळणारी जी अनेक प्रथिने आहेत, ती पुरेशी तयार व्हावीत असा हुकूम हा कारभारी सोडतो. हृदय दुबळे होऊ लागले की या कारभाऱ्याचा अंमल ढिला पडतो आणि हृदय पुन्हा गर्भावस्थेतील सवयीकडे, साखरेकडे झुकू लागते. काही काळ हे निभावून जाते. कारण साखर जाळण्यास प्राणवायू थोडा कमी लागतो. परंतु एकूण मिळकत घटत जाते, आणि ज्या घरात शिल्लकच नाही, तेथे घटलेली मिळकत फार दिवस लपत नाही.

आता किरणांकडे येऊ. क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीतून जाताना अणूंतील इलेक्ट्रॉन बाजूला भिरकावतात. पेशीचा बराचसा भाग पाणीच असल्यामुळे हा आघात बहुधा पाण्याच्या रेणूवर होतो आणि त्यातून अतिशय दाहक असे अल्पजीवी कण निर्माण होतात. ते जवळच्या प्रथिनांवर, आवरणांवर आणि आनुवंशिक द्रव्यावर तुटून पडतात. असे दाहक कण मायटोकॉन्ड्रियाच्या चुलीतूनही रोजच ठिणग्यांसारखे उडत असतात, आणि ते विझविण्याची व्यवस्था पेशीजवळ असते. म्हणून थोड्या किरणांनी झालेली बरीचशी हानी पेशी स्वतःच दुरुस्त करते. ही गोष्ट विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट. किरणांचा संसर्ग केवळ रुग्णालयात होतो, असे नाही. आकाशातून, भूमीतून, हवेतून आणि अन्नातून तो सर्वांनाच होतो. जगाची सरासरी काढली, तर नैसर्गिक किरणांची मात्रा दर माणसी वर्षाला 2.4 मिलिसीव्हर्ट भरते. नानाखेड्याच्या भूमीखाली जो काळा खडक आहे, तोच पुण्या-नाशकाच्याही भूमीखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते थर. या खडकात युरेनियम आणि थोरियम ही द्रव्ये ग्रॅनाइटापेक्षा पुष्कळ कमी असतात. उलट केरळात कोल्लम जिल्ह्यातील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटाची वाळू आहे आणि तिच्यातील थोरियममुळे तेथील लोकांना पिढ्यानुपिढ्या कितीतरी अधिक किरण मिळत आले आहेत. तेथील हजारो लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून 2009 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या किरणांमुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. फार काय, ज्या पोटॅशियमवाचून हृदयाचा ठोका पडत नाही, त्या पोटॅशियमचाही एक अल्पसा अंश किरणोत्सर्गी असतो. आपल्या शरीरात दर सेकंदाला त्याचे सुमारे चार हजार अणू फुटत असतात. म्हणजे किरणांचा एकही कण अंगावर पडू नये, ही इच्छा पूर्ण होण्यासारखी नाही. प्रश्न आहे तो मात्रेचा.

हृदयावर किरणांचा परिणाम होत नाही, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानीत होते. त्याला कारणही होते. किरणांनी आधी मरतात त्या वेगाने विभागणाऱ्या पेशी. हृदयस्नायूच्या पेशी तर क्वचितच विभागतात. किती क्वचित, हे ज्या रीतीने कळले, ती रीत मोठी विलक्षण आहे. शीतयुद्धाच्या काळात भूपृष्ठावर झालेल्या अणुस्फोटांमुळे वातावरणात किरणोत्सर्गी कार्बन वाढला, आणि 1963 च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. त्या त्या वर्षी जन्मलेल्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात त्या त्या वर्षीचा कार्बन बसला. त्यावरून पेशीचे वय काढता येते. स्टॉकहोमच्या संशोधकांनी 2009 साली असा हिशेब मांडला की, पंचविशीत हृदयस्नायूच्या शंभर पेशींपैकी वर्षाला सुमारे एकच नवी होते, आणि पुढे हे प्रमाण आणखी घटते. सबंध आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात. याचा अर्थ असा की, ही पेशी किरणांनी सहजासहजी मरत नाही हे खरे, पण ती बदलूनही मिळत नाही. विशीत जिच्यावर किरण पडले, त्यांतलीच पुष्कळ मंडळी साठीतही ओझे वाहत असतात.

मग अशा न मरणाऱ्या पेशीचे बिघडते काय? येथेच तो इंधनाचा प्रश्न येतो. म्युनिकजवळील संशोधकांनी उंदरांच्या हृदयावर क्ष-किरणांचे मोठे डोस देऊन काही आठवड्यांनी त्यातील प्रथिने तपासली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की, स्निग्ध इंधन जाळण्याची यंत्रणा मंदावली होती आणि आपला तो कारभारी निष्क्रिय होत चालला होता. पण उंदरांना दिलेला मोठा डोस आणि माणसाला वर्षानुवर्षे मिळालेले थोडे थोडे किरण, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांमधील दुवा मिळाला तो रशियात.

दक्षिण उरल पर्वताच्या परिसरात, ओझ्योर्स्क येथे, 1948 साली मायाक हा अणुकारखाना सुरू झाला. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनविण्याची घाई होती. पहिल्या काही वर्षांत तेथील कामगारांच्या अंगावर आजच्या मर्यादेहून कितीतरी अधिक किरण पडले, आणि तेही एका स्फोटात नव्हे, तर दिवसामागून दिवस. त्यांच्यापैकी जे पुढे हृदयाचा रक्तपुरवठा खुंटून मृत्यू पावले, त्यांच्या हृदयाचे नमुने जतन करण्यात आले होते. त्याच विकाराने गेलेल्या, परंतु असे किरण न मिळालेल्या माणसांच्या हृदयाशी ते ताडून पाहण्यात आले. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. किरण मिळालेल्या हृदयांत मायटोकॉन्ड्रियाची अनेक प्रथिने घटलेली होती. पीपीएआर-अल्फाचे निष्क्रिय रूप वाढलेले होते. आणि मात्रा जितकी अधिक, तितका हा बदल अधिक होता. दोन्ही गटांतील माणसे एकाच रोगाने गेलेली होती. म्हणून हा फरक केवळ रोगामुळे पडला असे म्हणता येत नाही. अर्थात नमुने थोडे होते आणि हृदये आधीच रोगग्रस्त होती. निरोगी माणसाचे हृदय अत्यल्प मात्रेने असेच बदलते, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. परंतु किरणांचा माग इंधनाच्या कोठीपर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून दिसून आले.

या बदलाचा मनुष्यजीवनात हिशेब किती होतो? हिरोशिमा व नागासाकी येथील स्फोटांतून वाचलेल्या 86 हजारांहून अधिक लोकांची 1950 ते 2003 पर्यंतची नोंद तपासली, तेव्हा एक ग्रे मात्रेमागे हृदयविकाराच्या मृत्यूंत सुमारे 14 टक्क्यांची वाढ दिसली. क्ष-किरणांच्या बाबतीत एक ग्रे म्हणजे एक सीव्हर्ट, अर्थात एक हजार मिलिसीव्हर्ट असे धरावयास हरकत नाही. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुकर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही, जेथे किरण थोडे थोडे करून मिळाले होते, रक्ताभिसरणाच्या रोगांशी संबंध आढळला. अशा 93 अभ्यासांचे एकत्रीकरण 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यात एक ग्रेमागे सुमारे 11 टक्के असा आकडा निघाला.

आपल्या पत्रलेखकांस सर्वांत जवळचा अभ्यास मात्र अमेरिकेतील क्ष-किरण तंत्रज्ञांचा. नव्वद हजारांहून अधिक तंत्रज्ञांच्या त्या पाहणीत 1950 पूर्वी कामाला लागलेल्यांमध्ये रक्ताभिसरणाच्या रोगांनी होणारे मृत्यू अधिक आढळले. पुढे यंत्रे सुधारली, भिंतींना शिसे आले, नियम आले, आणि नंतरच्या पिढीत तो धोका ओसरला. काम तेच राहिले. बदलली ती शिस्त.

आता हा हिशेब घरगुती आकड्यांत मांडू. नीट काळजी घेणाऱ्या तंत्रज्ञाला वर्षाला एक मिलिसीव्हर्ट मिळाला असे धरले, तर वीस वर्षांत वीस झाले. वरील 11 टक्क्यांचा आकडा एवढ्या लहान मात्रेलाही त्याच प्रमाणात लागू पडतो असे मानले, तर ज्या समाजात हृदयविकाराने एक हजार माणसे दगावणार होती, तेथे एक हजार दोन दगावतील. धूम्रपानाने हाच धोका सुमारे दुप्पट होतो. तेव्हा विडी ओढीत ओढीत किरणांची चिंता करणाऱ्याने आधी विडी टाकावी, हे सांगण्यास गणिती नको.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणकर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत मिळून शंभर, म्हणजे सरासरीने वर्षाला वीस मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात तीस, अशी मर्यादा घातली आहे. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने 2012 साली हृदय व रक्तवाहिन्यांसाठी सावधगिरीची पातळी म्हणून अर्धा ग्रे, म्हणजे पाचशे मिलिसीव्हर्ट, ही मात्रा सांगितली. आणि ती एकदम मिळो की वर्षानुवर्षे, पातळी तीच धरावी असे म्हटले. वीसला पंचविसांनी गुणून पाहा. पाचशे होतात. म्हणजे जो कर्मचारी पंचवीस वर्षे कायद्याच्या मर्यादेला टेकून काम करील, तो नियम न मोडताही त्या पातळीशी जाऊन पोहोचेल. म्हणून मर्यादा ही भरून काढावयाची हंडी नव्हे. तिच्यापासून जितके दूर राहता येईल तितके राहणे, हाच तिचा खरा अर्थ होय.

आणि येथे पत्राच्या शेवटच्या भागाकडे वळले पाहिजे. त्या गृहस्थांनी मोकळेपणाने लिहिले आहे की, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत छातीवर लावावयाचा बॅज पुष्कळदा खुंटीवरच टांगलेला राही. रोग्यांची रांग मोठी, माणसे थोडी. शिशाचा एप्रन जड आणि त्याला भेगा पडलेल्या. कोणी विचारीत नसे. त्या वर्षांचे अहवाल मात्र अगदी स्वच्छ आले आहेत. त्यांना स्वतःलाही आता त्या अहवालांचा आधार वाटत नाही.

हा बॅज काय करतो, हे समजून घेतले म्हणजे या हयगयीची किंमत कळेल. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या बारीक चकत्या असतात. त्यांत डिस्प्रोशियम या धातूचा अंश मिसळलेला असतो. किरण पडले की त्यांची थोडी शक्ती या चकतीत अडकून राहते. तीन महिन्यांनी चकती प्रयोगशाळेत तापवितात, तेव्हा ती शक्ती प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजतात. ही पद्धत आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रूढ केली. चकती फसवीत नाही. पण ती जेथे असेल तेथलेच सांगते. खुंटीवर राहिली, तर नोंद होते ती खुंटीने घेतलेल्या किरणांची. माणसाने घेतलेल्या नव्हे. आणि जी मात्रा नोंदलीच गेली नाही, तिचा हिशेब पुढे कोणत्याही डॉक्टराला मांडता येत नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे सांगणे असे. गेल्या वर्षांचे दडपण मनावर घेऊ नका. यंत्रापासून आडोशाला राहून काम करणाऱ्या तंत्रज्ञाची मात्रा, बॅज नसतानाही, बहुधा अल्पच असते. परंतु वडिलांचा इतिहास आहे, म्हणून रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद यांची तपासणी नियमाने करून घ्या, आणि आपले काम कोणते आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हृदयाच्या चुली तरतरीत ठेवण्याचा जुना उपाय नवीन शास्त्रानेही खोटा ठरविलेला नाही: रोज भरपूर चालावे, बेताने जेवावे, तंबाखू वर्ज्य करावी. मेद उतरविणाऱ्या काही औषधांनी पीपीएआर-अल्फा पुन्हा जागा होतो आणि उंदरांच्या हृदयावरील किरणांचा परिणाम त्यामुळे सौम्य होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. पण ते प्रयोग उंदरांवरचे. किरणांच्या भीतीने कोणी ती औषधे आपल्या मनाने घेऊ नयेत.

रुग्णालये चालविणाऱ्यांनाही एक शब्द. भेगाळलेला एप्रन बदलण्याचा खर्च लहान आहे, आणि ज्याच्या अंगावर तो असतो, त्याच्या हृदयाच्या पेशी बदलून मिळत नाहीत.

राहिली ती मुलगी. तिला अवश्य जाऊ द्यावे. क्ष-किरणांवाचून आज मोडलेले हाड नीट बसत नाही, क्षयाचे निदान होत नाही, अडलेली रक्तवाहिनी सापडत नाही. हे काम कोणीतरी जाणत्या माणसाने केलेच पाहिजे. मात्र जाण्यापूर्वी वडिलांनी तिला जवळ बसवून तीन गोष्टी सांगाव्यात. किरणांजवळ लागेल तेवढाच वेळ थांबावे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, म्हणून शक्य तितके दूर उभे राहावे. आणि मध्ये शिशाचा आडोसा असल्यावाचून कळ दाबू नये. चौथी गोष्ट ती खुंटीची. ती तिला कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ती वडिलांनाच सांगावी लागेल. ती सांगताना त्यांना थोडा संकोच वाटेल. तरी त्यांनी ती सांगावी. वीस वर्षांच्या अनुभवातून मुलीला देण्यासारखे त्याहून मोलाचे त्यांच्यापाशी दुसरे काही नाही.